डिप्टीची नखं

१

कारखान्यातून घरी आलो की मी बूट पायरीवरच काढतो. दिवसभर कोंबड्या कापून बुटांना जो वास लागतो तो आईला सहन होत नाही. मग आत येऊन हात धुतो, शेगडीवर काय आहे ते झाकण उचलून बघतो आणि आई खुर्चीतून मागे न बघता म्हणते, "झाकण ठेव." माझी बहीण ट्वायला गेल्यावर मला वाटलं होतं हे सगळं थांबेल. काही थांबलं नाही. फक्त तिसरी ताटली काढणं थांबलं.

आमचं घर म्हणजे ट्रेलर. चाकांवरून आणून उभा केलेला लांबट डबा, एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला ट्वायलाची खोली, मध्ये बोळ. दारं इतकी पोकळ की त्यांच्यावर बोट टेकवलं तरी घरभर ऐकू येतं. ट्वायलाची खोली आईने बंद करून टाकली होती. हीटरची हवा आत जायची जाळीसुद्धा बंद केली. "रिकाम्या खोलीला कशाला ऊब," म्हणाली. मी तेव्हा भिंतीवर मूठ मारली. त्या जागी अजून भोक आहे.

मी आत आलो की बोळाच्या टोकाकडून आवाज यायचा. खर्र. खर्र. खर्र.

डिप्टी ट्वायलाच्या दारावर नखं घासत असायचा. डिप्टी म्हणजे तिचा बोका, नारिंगी, एक कान फाटलेला. चालायचा असा की जणू जिल्ह्याच्या शेरीफने त्यालाच हाताखालचा शिपाई, म्हणजे डिप्टी, करून गस्तीवर ठेवलंय, म्हणून हे नाव. ट्वायला होती तोवर त्याची नखं तीच बघायची. कापायची, वर रबराच्या छोट्या टोप्या चिकटवायची, कधी जांभळ्या, कधी हिरव्या. गावात नखं रंगवायच्या दुकानात ती कामाला होती. माणसांची नखं करून आली की बोक्याची करायला बसायची. ती गेली, टोप्या एकेक करून गळल्या आणि नखं वाढली.

त्या दिवशी आईच्या दंडाला भांडी पुसायचा टॉवेल गुंडाळलेला होता आणि टॉवेल लाल झाला होता.

"काय झालं?"

"काय व्हायचंय. त्याला दारापासून उचलायला गेले." तिचा आवाज अगदी सपाट होता. "अर्धा तास झाला, थांबत नाहीये."

आईच्या हृदयात प्लास्टिकची झडप आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेते. साधा ओरखडा आला तरी नळ सोडल्यासारखं वाहतं. मी टॉवेल दाबून धरून बसलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, बोळाकडे बघत होती.

"गुरुवारी त्याला नेतेय," ती म्हणाली. "दवाखान्यात फोन केलाय. नखं काढून टाकतात."

"काढून म्हणजे काय, माहितीय का तुला?"

"मला नको सांगूस."

पण मी सांगितलं. ट्वायलाने मला सांगितलं होतं म्हणून मी सांगितलं. नख उपटत नाहीत. बोटाचं शेवटचं पेर कापतात, हाडासकट. मी दिवसभर सांध्यात सुरी घालून पाय कापतो, मला सांधा कुठे असतो ते डोळे मिटून कळतं. मी आईचं बोट धरलं आणि जिथून कापतात तिथे दाबलं. तिने हात झटकला.

"मग त्याला तरी घालव. नाहीतर मला तरी. एकीला मातीत घालून आले, आता माझीही घाई झालीय का तुला?"

"गुरुवारपर्यंत थांब," मी म्हणालो. "मी त्याला सरळ करतो. एकही ओरखडा आला तर ने."

तिने टॉवेल पुन्हा दंडावर घट्ट दाबला. मग म्हणाली, "दारावरचा आवाज बंद झाला पाहिजे. बाकी मला काही नको."

२

मला वाटलं सोपं असेल. डिप्टीला टॉवेलमध्ये गुंडाळला, एकच पंजा बाहेर काढला, बोटाच्या गादीवर हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. टोक तेवढं कापायचं, आतली गुलाबी शीर सोडून. ट्वायला गुणगुणत करायची. मला गुणगुणता येईना, म्हणून मी त्याला शिव्या दिल्या. तरी त्याने चालवून घेतलं.

टोप्यांचं पाकीट आणि त्याला ओरखडायला एक खांब आणायला डेल्बर्टच्या दुकानात गेलो. डेल्बर्ट म्हातारा आहे, गाईगुरांचं खाद्य विकतो आणि जगातल्या सगळ्यावर बोलतो.

"बोक्यासाठी खांब?" तो म्हणाला. "तुमच्या ट्रेलरला बाहेरून लाकूड आहे की, तेच दे त्याला."

"मिस्टर डेल्बर्ट, गंमत नको. आई त्याची नखं काढणार आहे."

तो गंभीर झाला. काथ्याचा दोर गुंडाळलेला एक उंच खांब ओढून माझ्यापुढे उभा केला. "हा घे. आखूड घेऊ नकोस, त्याला अंग ताणता आलं पाहिजे. आणि पोरा, कोपऱ्यात लपवू नकोस. तो जिथे ओरखडतो तिथेच ठेव आधी. मग रोज थोडा सरकव."

"तिथेच का?"

"अरे, मांजर काय नुसती धार लावायला ओरखडतं? त्याच्या पंजाला वास असतो. तो तिथे लावून ठेवतो. म्हणजे पाटी लावल्यासारखं. ही माझी हद्द, इकडे यायचं नाही."

"कुणी यायचं नाही?"

"ते बोक्याला विचार," डेल्बर्ट म्हणाला आणि हसला. "नखं काढलीस तर मात्र कायमचा घरात कोंडून ठेव. रानातले कोल्हे आले तर झाडावर कशाने चढेल? आणि मग चावायला लागतात. हातातलं हत्यार गेलं की तोंड चालतं. माझ्या बायकोचं बघ."

"तिला सांगू का?"

"सांग. मी आधीच बहिरा झालोय."

गेल्या कित्येक आठवड्यांत मी पहिल्यांदा हसलो. घरी येऊन ट्वायलाच्या दारासमोर खांब ठेवला. दारावर खालच्या बाजूला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली, तिला पंजा लागला की मांजर मागे सरतं. डिप्टीने पट्टी हुंगली, माझ्याकडे अशी नजर टाकली की मला लाज वाटली, आणि खांबाला भिडला. नखांना टोप्या चढवल्या, लाल. दुकानात तोच एक रंग होता. मग रोज संध्याकाळी मी खांब हातभर मागे ओढायचो. बोळातून बैठकीकडे. डिप्टी त्याच्या मागोमाग यायचा, पण दर वेळी थांबून मागे दाराकडे बघायचा.

"बघ," मी आईला म्हणालो. "जमतंय."

आई कान देऊन बसली होती. "हं," म्हणाली. तिच्या तोंडावर पहिल्यांदाच जरा रंग दिसला.

३

खांब टीव्हीपाशी पोचला त्या दुपारी मी शेगडीवर बीन्स ढवळत होतो. बोळातून आवाज आला.

खर्र नव्हे. दुसराच. हातात जाड मोजा घालून दारावरून घासावं तसा. घस्स. मग थोडं थांबून, घस्स.

"ड्वेन," आई म्हणाली. "तुझा बोका पुन्हा दारावर गेला."

डिप्टी फ्रीजच्या वर बसला होता. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. त्याचे कान बोळाकडे वळलेले होते.

मी चमचा पातेल्यात तसाच सोडला. टोप्या चढवलेल्या नखांचा असा आवाज येईल, असं मला आधी वाटलं, आणि मग आठवलं की ती नखं इथे आहेत.

ट्रेलरखाली पोसम शिरतात, मांजराएवढी रानटी जनावरं. थंडीत ऊब शोधत येतात, उंदरासारखं लांब तोंड, टोकरत बसतात. मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो, खालचा पत्रा सरकवला आणि पोटावर सरपटत आत गेलो. गोठलेली माती, थंडी अडवायला लावलेला आणि आता लोंबणारा कापूस, पाण्याचे नळ. कुठे विष्ठा नाही, बीळ नाही. मी ट्वायलाच्या खोलीच्या बरोबर खाली पडून होतो तेव्हा आवाज आला. माझ्या डोक्यावरच्या जमिनीत नव्हता. वर, भिंतीत किंवा दारात. लाकूड थंडीने आकसतं, असं मी मला सांगितलं. आकसताना लाकूड एकदा वाजतं. हा थांबून थांबून येत होता, दमून पुन्हा करावं तसा.

आत येऊन मी सरळ बोळात गेलो आणि दार उघडलं. विचार केला असता तर उघडलं नसतं.

"ड्वेन!" आई खुर्चीतूनच ओरडली. "बंद कर ते!"

खोलीत काही नव्हतं. पलंग, त्यावरची गोधडी, आरशावर अडकवलेल्या माळा. थंडी अशी की माझा श्वास दिसला. दाराची आतली बाजू बघितली. पांढऱ्या रंगावर, माझ्या मांडीच्या उंचीला, एक पट्टा मंद झाला होता. ओरखडा एकही नाही. नुसतं घासून घासून रंगाची चमक गेलेली, जिन्याच्या कठड्यावरून वर्षानुवर्षं हात फिरल्यावर होते तशी. दारापाशी गालिचावर पाय ठेवला तर मोजा ओला झाला.

नळ गळत असेल. पण खोलीत नळ नव्हता. खाली होता तो कोरडा होता, मी आत्ताच हात लावून आलो होतो.

डिप्टी उंबऱ्याशी आला होता. मला वाटलं, धावत तिच्या पलंगावर जाईल. इतके दिवस तो त्यासाठीच तर दार ओरखडत होता, असं मी धरून चाललो होतो. मीही रात्रंदिवस तेच मागत होतो ना, की दार उघडावं आणि ती पलंगावर पाय दुमडून बसलेली दिसावी. तो आत आला नाही. अंगावरचे केस उभे करून, पोट जमिनीला लावून, तो उंबऱ्यावरच नखं रोवायला लागला. टोप्या होत्या, काही रुतत नव्हतं. तरी तो जोर लावत राहिला.

मी दार बंद केलं आणि खांब उचलून पुन्हा तिथेच नेऊन ठेवला.

४

बुधवारी ट्वायलाच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. मिस लान. बुटक्या, फुगीर कोट घातलेल्या, हातात एक पुठ्ठ्याचा खोका. ट्वायलाच्या वस्तू होत्या: कानशी, गोंदाच्या बाटल्या, खोट्या नखांचे डबे रंगाप्रमाणे लावलेले. त्यांनी भाताचा एक डबाही आणला होता. आई औषध घेऊन झोपली होती, म्हणून आम्ही पायरीवरच बोललो.

"तू जेवतोस का?" त्या म्हणाल्या. "गाल बघ तुझे. कोंबडी कापतोस आणि कोंबडीसारखाच दिसतोस."

"जेवतो."

"खोटं बोलतोस. तुझी बहीण पण खोटं बोलायची. उशीर झाला की म्हणायची गाडी बंद पडली. रोज तीच गाडी, रोज बंद पडते." त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "माझ्याकडच्या मुलींमध्ये सगळ्यात सुंदर हात तिचे. गिऱ्हाईक तिचे हात बघून यायचं."

मी खोका धरून उभा होतो.

"मी तुझ्या आईला फोन केला होता," त्या म्हणाल्या. "मातीच्या आदल्या दिवशी. म्हटलं, मी येते, तिची नखं मी करते. पेटी उघडी ठेवणार, हात छातीवर असणार, सगळं गाव येऊन बघणार. तिने कधी नखांशिवाय कुणाला तोंड दाखवलं नाही. पैसे नको, काही नको. तुझी आई नाही म्हणाली."

"का?"

मिस लान माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं मला माहीत असेल.

मला एवढंच माहीत होतं की जानेवारीत पुलावर बर्फाची काच झाली होती, तिची गाडी घसरली आणि ओढ्यात गेली. गाडी उताणी पडली. लगेच झालं, असं आईने मला सांगितलं होतं. तिला काही कळलंही नसेल.

"नखं तुटलेली होती," मिस लान हळू बोलल्या. "सगळी. काचेवर. दारावर. तुझ्या आईने बघितलं आणि तिला पेटीत ठेवणाऱ्या लोकांना सांगितलं, कापून टाका, पार मुळाशी, एकही दिसायला नको. मला फोनवर म्हणाली, ते बघवत नाही. मी काय बोलणार? ती आई."

मला पेटीतले तिचे हात आठवले. पांढरे फुलांचे गुच्छ होते आणि त्याखाली बोटांची टोकं, बोथट, लहान मुलाची असतात तशी. हे हात तिचे नाहीत असं मला तेव्हा वाटलं होतं. सगळ्यांना तसंच वाटत असेल असं समजून मी गप्प बसलो होतो.

मिस लान गेल्या. मी खोका स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. बोळातून आवाज येत होता. खांबावर डिप्टीचा, खर्र, कारण एका पंजाच्या टोप्या त्याने चावून काढल्या होत्या. आणि त्याच्या पलीकडून, त्याच्या मधल्या मधल्या जागेत, घस्स.

५

गुरुवारी मी आईला कारखान्यात जाण्याआधी सांगितलं, डिप्टीने कुणाला ओरखडलं नाही, आपलं ठरलं होतं. ती म्हणाली, "जा, उशीर होईल."

मी गेलो. तिच्या डोळ्यांत बघितलं असतं तर गेलो नसतो.

दुपारी परतलो तेव्हा शेजारणीचा पिकअप आमच्या दारातून निघत होता. बूट न काढता आत शिरलो. मांजराची जाळीची पेटी गालिचावर होती. आत डिप्टी, पुढचे दोन्ही पंजे पांढऱ्या पट्ट्यांत, डोळे अर्धे मिटलेले. पेटीजवळ दवाखान्याने दिलेली कागदाच्या गोळ्यांची पिशवी, त्याच्या शौचाच्या पाटीतली वाळू जखमेत जाऊ नये म्हणून तिच्याऐवजी टाकायला.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. खुर्ची उलटी केली. आई टेबलापाशी उभी होती, कोट अंगात तसाच.

"तू मला गुरुवारपर्यंत वेळ दिला होतास!"

"दिला होता."

"त्याने तुला हातसुद्धा लावला नाही!"

"लावला नाही."

"मग का? का नेलंस?"

"आवाज थांबत नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं, तो त्याचाच असेल. तुला काय वाटतं, मला कळत नाही तो फ्रीजवर बसलेला असतो ते? मला दिसत होतं, ड्वेन. पण मला तो बोकाच हवा होता. बोका असला तर डॉक्टर आहे, औषध आहे, त्याचं काहीतरी करता येतं."

तेव्हा आवाज आला.

डिप्टी पेटीत होता. खांबापाशी कुणी नव्हतं. बाहेर पिकअपचा आवाजही विरला होता. दारावर खालपासून वरपर्यंत, सावकाश, मऊ काहीतरी ओढत गेलं. मग पुन्हा. मग पुन्हा. आज ते जोरात होतं. आजवर मध्ये कुणीतरी होतं आणि आता नाही, असं.

आईने कोट काढला. खुर्चीच्या पाठीवर नीट ठेवला. बोळाकडे तोंड करून ती इतकी हळू बोलली की मला वाटलं माझ्याशीच बोलतेय.

"आले गं. आले."

तिने टेबलावरचा खोका उघडला.

६

मी पेटीतून डिप्टीला बाहेर काढून छातीशी धरलं होतं. आईला अडवायला हवं होतं. पण ती इतक्या सहज चालत गेली, कुणाचं पाणी मागणं ऐकून उठावं तशी, की मी तिच्यामागे नुसता बोळाच्या तोंडापर्यंत गेलो.

तिने खांब बाजूला केला. गुडघे दुखतात तिचे, भिंतीला धरून खाली बसली. दारावरची चिकटपट्टी एका टोकाकडून सोलून काढली. मग डब्यातून एक खोटं नख घेतलं, लाल, त्याला गोंदाचा थेंब लावला, फुंकर मारली आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवलं.

आवाज थांबला.

"लांब आहेत," ती दाराशी बोलत होती. "तुला आवडतात तशी. मला माफ कर, बाळा, मला ते बघवलं नाही. हे घे. आणखी आहेत."

दुसरं सरकवलं. तिसरं. ती सरकवायची आणि बोट मागे घ्यायची, आणि लाल टोक फटीत क्षणभर थांबून आत ओढलं जायचं. हलकेच. वाऱ्याने पान ओढलं जावं तसं, असं मी म्हणेन, पण बंद खोलीत वारा कुठला.

"आई," मी म्हणालो. "आई, ऊठ."

"थोडी राहिलीत."

"ऊठ ना गं आई. ती असती तर... ती असती तर डिप्टी आत गेला असता. त्याने तिला कधी अडवलं नसतं."

आईने ऐकलं. हात फटीपाशी थांबला. ती माझ्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की हे तिच्याही मनात येऊन गेलंय, आणि तिने ते बाजूला ठेवलंय, जसा तिने कोट काढून ठेवला. मग तिने शेवटचं नख आत सरकवलं.

ते घ्यायला बोटं बाहेर आली. पुरती नाही, पेराएवढीच. मी ती बघितली. खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली, आणि दोन बोटांवर लाल नखं बसली होती, वाकडी, घाईत चिकटवलेली. ट्वायलाने कुणाचंही नख कधी वाकडं लावलं नाही. त्यांतलं एक बोट चाचपडत पुढे आलं आणि आईच्या अंगठ्यावर टेकलं. आईने हात मागे घेतला नाही. अंगठ्यावर रक्ताचा एक गोल थेंब आला, मग तो ओघळला, मग वाहायला लागला, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

बोटं आत गेली. दाराच्या पलीकडे, वरून, कडीच्या जवळून आवाज आला.

खर्र.

"ऐकलंस?" आई म्हणाली. ती हसत होती. तिची सगळी मूठ लाल झाली होती. "जमतंय तिला आता."

मी "आई" म्हणून ओरडलो, तिच्या काखेत हात घालून तिला ओढायला लागलो, एका हाताने, कारण दुसऱ्यात डिप्टी होता. ती हलत नव्हती. दाराच्या पोकळ लाकडात काहीतरी रुतत होतं आणि पातळ चिरफळ्या आईच्या केसांवर पडत होत्या. डिप्टी गुंगीतून जागा झाला. त्याने मान दाराकडे वळवली, अंग ताठ केलं आणि दोन्ही पंजे माझ्या छातीवर रोवले. मला कळलं, तो नखं बाहेर काढतोय. सगळा जीव एकवटून काढतोय. पट्ट्यांमधून रक्त माझ्या शर्टात शिरत होतं आणि तो दाबत होता, पुन्हा दाबत होता, आणि बाहेर काहीच येत नव्हतं.